हौशी कामासाठी स्वस्तातली हॉट एअर गन: काय घ्यावं, आधी काय तपासावं

हॉट एअर गन म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवून बोर्डावरचे भाग काढायचं साधन. ती घेण्याबद्दल एक प्रश्न आलाय, थोडक्यात असा. विचारणारे सिन्नरचे, नोकरी सांभाळून घरी इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारे. टीपी-लिंकचे दोन जुने राउटर पडून आहेत, त्यांची रॅम आणि फ्लॅश वाढवायची आहे. गेम कंट्रोलरचा मायक्रो यूएसबी काढून टाइप-सी बसवायचा आहे. पुढेमागे भाच्याच्या पीएस४ गेम कन्सोलचा तुटलेला एचडीएमआय पोर्टही बदलायचा विचार आहे. बजेट साडेचार हजार. समोर चार पर्याय: ८५८डी जातीचं स्टेशन, आयर्न (सोल्डरिंगचं) आणि गन एकत्र असलेलं कॉम्बो, हातात धरायची ८८५८, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी रंग काढायची हीट गन. संध्याकाळी घरी व्होल्टेज पडतं, असंही त्यांनी लिहिलंय. शिवाय मामेभाऊ अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडूनच मागवू का?

उत्तर आधी सांगतो. साधी ८५८डी घ्या. बाजारात आणि ऑनलाइन ती साधारण तीन हजारांच्या आसपास मिळते, थोडं पुढे-मागे. उरलेले हजार-दीड हजार महागड्या गनमध्ये न घालता फ्लक्स, टेप, विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी) आणि बोर्ड खालून कोमट करायच्या सोयीत घाला. प्लग लावायच्या आधी गन उघडून वायरिंग बघा. आणि पीएस४ तूर्त यादीतून काढा.

हॉट एअर घेताना सगळे जण डिस्प्लेवरचा आकडा बघतात. एकीवर ४५० लिहिलंय, दुसरीवर ४८० किंवा ५००, म्हणजे दुसरी भारी. या आकड्याला आपल्या कामात फारसा अर्थ नाही. शिसंवालं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, कंपनीत वापरलेलं लेड-फ्री २१७ ते २२० च्या दरम्यान. म्हणजे अंश कुठल्याच गनकडे कमी नसतात. कमी पडते ती उष्णता: दर सेकंदाला बोर्डात किती जाते आणि बोर्डातला तांब्याचा थर ती किती वेगाने पसरवून टाकतो, यावर सगळं अवलंबून असतं. हवा कमी असेल तर ४८० ची गनसुद्धा ग्राउंडला जोडलेल्या चिपच्या पायासमोर हतबल होते. हवा पुरेशी असेल तर ३५० ला तेच काम निमूट होतं, आणि शेजारचं प्लास्टिकही वाचतं.

शिवाय तो आकडा कुठला, तर नळीच्या आत हीटरजवळ बसवलेल्या थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचा. नोझलच्या तोंडाशी तापमान वेगळं, दोन सेंटिमीटरवर आणखी वेगळं, नोझल बदललं की पुन्हा वेगळं. त्यामुळे कुणी व्हिडिओत ‘३६० वर ठेवा’ म्हणालं तर ते त्याच्या गनचे ३६० असतात. आपली गन कळण्यासाठी भंगारातला एखादा बोर्ड घ्यायचा, त्याच्यावरचे भाग काढत बसायचं. जुना डीव्हीडी प्लेअर, मेलेला सेट-टॉप बॉक्स, काहीही चालेल. दहा-वीस भाग काढले की आपल्या गनचा आकडा आपोआप हाताला कळतो. डीटी ८३८ सारखा तापमान दाखवणारा मल्टिमीटर असेल तर त्याच्या के-टाइप वायरचं टोक बोर्डावर कॅप्टन टेपने (उष्णता सहन करणाऱ्या पिवळट टेपने) चिकटवून बोर्ड किती तापतोय ते बघता येतं. हवेत वायर धरून मात्र काही मोजू नका, ते वाचन दिशाभूल करतं.

आता तुमच्या व्होल्टेजबद्दल, कारण गावाकडच्या माणसाला हे कुणी सांगत नाही. हीटर ही शेवटी निक्रोमची तार आहे आणि तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ला ७०० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला सव्वाचारशे-साडेचारशे वॅटवर येतो, म्हणजे जवळपास ४० टक्के ताकद गेली. डिस्प्ले तरीही ३५० दाखवेल, कारण बोर्डासमोर नसताना तेवढं तापमान धरायला फार वॅट लागत नाहीत. खरं काम सुरू केल्यावर, हवा वाढवल्यावर, तो आकडा खाली घसरायला लागतो किंवा नुसताच बोर्ड तापत नाही. गन खराब आहे असं वाटतं. ती खराब नसते. सिन्नरला संध्याकाळी सात वाजता रॅमची चिप काढायला बसू नका, सकाळी बसा. स्टॅबिलायझर असेल तर उत्तमच. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र चालवू नका. स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, या स्टेशनमधला ट्रायक (हीटरची वीज चालू-बंद करणारा भाग) आणि त्याचं टायमिंग साइन लाटेसाठी केलेलं असतं, आणि ७०० वॅटचा भार बॅटरीलाही झेपत नाही.

वॅटचा विषय निघालाच आहे तर एक तपासणी सांगतो, पाच मिनिटांची. स्टेशन प्लगमधून काढा, हँडल उघडा, हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स थेट मोजा. २३० व्होल्टला ७०० वॅट हवे असतील तर हिशोबाने तो ७५ ओहमच्या आसपास यायला हवा. १०० ओहम आला, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तुमची गन सव्वापाचशे वॅटची आहे. एवढ्यावरून ती परत करायची गरज नाही. राउटरच्या दोन थरांच्या बोर्डाला सव्वापाचशेही पुरतात. पण आपल्याकडे काय आहे हे माहीत असलेलं बरं.

चार पर्यायांकडे येऊ.

रंग काढायची हीट गन दीड-दोन हजार वॅटची असते. ती हजार-बाराशेत मिळते म्हणून मोह होतो. तिच्यातून हवा इतकी सुटते की चिप सुटायच्या आधी शेजारचे तांदळाच्या कणीएवढे रेझिस्टर उडून टेबलाखाली जातात. तिच्यावर एक-दोन पायऱ्यांचं बटण असतं, बारीक नियंत्रण नसतं. हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) बसवायला ती छान आहे. भंगार बोर्डांवरून भाग काढायचे असतील, बोर्ड वाचवायचा नसेल, तर अंगणात बसून तेही होतं. राउटरवर नको.

कॉम्बो स्टेशन दिसायला स्वस्त पडतं: एका खोक्यात गन आणि आयर्न दोन्ही. पण त्यातलं आयर्न बहुतेक वेळा ९३६ पद्धतीचं, ९००एम टिपचं असतं. हीटर वेगळा, त्याच्यावर टिप टोपीसारखी बसवलेली, मध्ये हवेची फट. ग्राउंडच्या सांध्यावर ते धापा टाकतं. त्यापेक्षा आज टी१२ टिपचं (हीटर टिपमध्येच असलेलं) साधं स्टेशन बरंच पुढचं आहे आणि महागही राहिलेलं नाही. हौशी कामात आयर्न रोज लागतं, गन महिन्यातून दोनदा. म्हणून चांगलं आयर्न वेगळं ठेवा, गन वेगळी. कॉम्बोतलं एक बिघडलं की दुसरंही दुरुस्तीला जातं, हा आणखी एक ताप.

८८५८ ही हातातली गन सोयीची आहे, जागा खात नाही, आणि बाहेर जाऊन दुरुस्ती करणाऱ्यांना ती आवडते. पण सर्किट, पंखा, हीटर, मेन्सची वायर सगळं मुठीत. हाताला वजन येतं, जाड केबल ओढली जाते, आणि बारीक काम करताना मनगट स्थिर राहत नाही. टेबल असेल तर ८५८डीच.

८५८डी म्हणजे एका कंपनीचं मॉडेल नाही, ती जात आहे. चीनमधले अनेक कारखाने थोड्याफार फरकाने तीच वस्तू बनवतात आणि आपल्याकडे ती वेगवेगळ्या नावांनी विकली जाते. पंखा हँडलमध्येच असतो. पूर्वी मोबाइलवाल्यांकडे ८५० जातीची स्टेशनं असायची, त्यांचा पंप खालच्या खोक्यात, हवा नळीतून येणार, टेबल घुमत राहणार. अशी जुनी मिळाली तर खालचा वाहतुकीचा स्क्रू काढायला विसरू नका, तो पंपाला आवळून ठेवतो. हवा त्यांची कमी असते. मोठ्या चिपला जड जातं, पण बारीक भागांना ती सौम्य हवा बरी पडते, म्हणून काही जुने मेकॅनिक अजून ती सोडत नाहीत.

८५८डीचं हँडल स्टँडवरून उचललं की हीटर चालू होतो, परत ठेवलं की हीटर बंद आणि पंखा चालू, आणि साधारण १०० अंशांखाली आल्यावर पंखाही थांबतो. हे काम स्टँडमधलं लोहचुंबक आणि हँडलमधला रीड स्विच करतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला दुकानातून घेत असाल तर काउंटरवरच हे करून बघा: ३५० ला लावा, उचला, आकडा किती वेळात येतो आणि आल्यावर दोन-चार अंशांत स्थिरावतो की वीस-तीस अंश वरखाली नाचतो ते बघा. मग परत ठेवा आणि पंखा खरंच चालू राहतो का, बंद होतो का, हे पूर्ण होईपर्यंत थांबा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू द्या. पहिल्या मिनिटात हीटरवरची धूळ-तेल जळल्याचा वास येतो, तो नेहमीचा आहे. प्लास्टिकचा वास मात्र जात नसेल तर दुसरा नग मागा.

आता वायरिंग, आणि या सगळ्यात मी सर्वात जास्त आग्रह याचाच धरतो.

८५८डीच्या हँडलमध्ये २३० व्होल्ट थेट असतात. हीटर मेन्सवर चालतो, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. हीटरभोवती अभ्रकाचा कागद आणि बाहेर स्टीलची नळी. अभ्रक फाटला, हीटरचा तुकडा तुटून नळीला टेकला, की नळी लाइव्ह. तेव्हा तुम्हाला आणि तुमच्या बोर्डाला वाचवणारी एकच गोष्ट असते, नळीपर्यंत पोचलेली अर्थची वायर. स्वस्त नगांमध्ये ती कधी कधी नळीपर्यंत पोचलेलीच नसते. खोक्याच्या पत्र्याला जोडलेली असते, तीही रंगावरून स्क्रू आवळून, म्हणजे जोडल्यासारखी दिसते पण जोडलेली नसते.

तपासणी अशी. प्लग सॉकेटबाहेर. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर. एक टोक प्लगच्या जाड, वरच्या अर्थ पिनला, दुसरं नोझल बसतं त्या नळीच्या धातूला. बीप यायला हवा, आणि रेझिस्टन्स एक ओहमच्या आत. मग खोक्याच्या उघड्या धातूला, एखाद्या स्क्रूला. नसेल तर खोकं उघडून अर्थच्या रिंग टर्मिनलखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढा, दातेरी वॉशर घाला, आणि हँडलकडे जाणाऱ्या केबलमधली अर्थची वायर खरंच बोर्डाला किंवा पत्र्याला जोडली आहे का ते बघा.

दुसरी तपासणी स्विचची. कित्येक नगांत पुढचा स्विच आणि फ्यूज न्यूट्रलमध्ये घातलेले सापडतात. मग स्विच बंद असतानाही हीटरपर्यंत फेज जाऊन थांबलेला असतो. प्लगच्या फेज पिनपासून, जिच्यावर एल असतं, कंटिन्युइटी लावा: आधी फ्यूज, मग स्विच, मग पुढे ट्रायकचा बोर्ड असा क्रम हवा. उलटा असेल तर दोन वायरींची अदलाबदल करून घ्या. मेन्सच्या वायरींची सवय नसेल तर ओळखीच्या वायरमनला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. काही नग दोन पिनी चपट्या किंवा युरोपियन प्लगचे येतात आणि सोबत एक ॲडॉप्टर देतात. तो ॲडॉप्टर कचऱ्यात. सहा अँपिअरचा तीन पिनी प्लग लावा. सातशे वॅट म्हणजे जेमतेम तीन अँपिअर, त्याला तो पुरतो. मात्र घरच्या सॉकेटमध्ये अर्थ आहे का हेही एकदा बघून घ्या, जुन्या घरांत तिसरं भोक नुसतंच असतं.

आणि काम झालं, पंखा थांबला, की भिंतीवरचं बटण बंद. स्टेशनच्या स्विचवर विसंबू नका.

लाइट गेली तर? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. चालू असताना लाइट गेली की पंखा थांबतो, हीटर मात्र तापलेलाच असतो आणि त्याची उष्णता मागे प्लास्टिकच्या हँडलकडे सरकते. अशा वेळी हँडल स्टँडमध्ये कोंबून ठेवू नका. नळी वरच्या दिशेला करून धरा किंवा तशी टेकवा, गरम हवा वर निघून जाते. लाइट परत यायच्या आत बटण बंद करून ठेवा.

उरलेल्या पैशांचं काय करायचं? पहिली वस्तू फ्लक्स. हॉट एअरचं निम्मं काम फ्लक्स करतो. सोल्डरवरचा ऑक्साइड काढतो आणि उष्णता पाया-पायात पोचवतो. तो नसेल तर सोल्डर वितळूनही चिकट राहतं, माणूस चिमटा ओढतो आणि पॅड उखडतो. सिरिंजमधला नो-क्लीन जेल फ्लक्स घ्या. प्लंबिंगच्या कामाची आम्ल असलेली पेस्ट बोर्डावर कधीही नको, ती पुढे पाय खाते. नामांकित अमेरिकन फ्लक्सच्या नावाच्या सिरिंज दोनशे रुपयांत मिळतात, त्यातल्या बऱ्याच बनावट असतात. काही चालतात, काही काळ्या पडतात. भंगार बोर्डावर थेंबभर टाकून तापवा: धूर थोडा, अवशेष पारदर्शक किंवा फिकट पिवळा राहिला तर ठीक. कोळसा झाला तर फेका.

मग १०-१५ मिलिमीटर रुंदीची कॅप्टन टेप, बरा चिमटा, २-३ मिलिमीटरची विक, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). आयपीए पेट घेतं, त्यामुळे बाटली बंद करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ओल्या बोर्डावर गन नाही. कॅप्टन टेप स्वतः जळत नाही पण ती उष्णता अडवत नाही, फक्त हवा अडवते. प्लास्टिकचा कनेक्टर खरंच वाचवायचा असेल तर टेपवर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर द्या.

खालून तापवायची सोय ही चैन वाटते, पण कमी ताकदीच्या गनला तिचाच आधार असतो. बोर्ड खालून शंभर-सव्वाशे अंशांवर असला की वरून द्यायची उष्णता निम्मी उरते आणि बोर्ड वाकत नाही. छोट्या यूएसबी-सी वर चालणाऱ्या प्लेट मिळतात, बजेटबाहेर आहेत. तीनशे-चारशेला मिळणारी उघडी पीटीसी हीटर प्लेट थेट मेन्सवर चालते, तिचा पत्रा अर्थ केल्याशिवाय वापरू नये. थर्मोस्टॅटची जुनी इस्त्री उलटी, घट्ट आधार देऊन ठेवून मधल्या खुणेवर चालवणं हा हौशी लोकांचा जुना जुगाड आहे आणि तो चालतो. इस्त्रीलाही अर्थ हवा, आणि बोर्डाखाली उंच भाग असतील तर नटबोल्टचे पाय लावून बोर्ड थोडा वर उचलावा लागतो.

आता तुमच्या राउटरवर प्रत्यक्ष.

हे काम करावंसं का वाटतं ते मला समजतं. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरना ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरच्या) १९.०७ नंतरच्या आवृत्त्या अधिकृतपणे मिळत नाहीत. फ्लॅश १६ आणि रॅम ६४ केली की तेच खोकं पुन्हा कामाचं होतं. आधी झाकण उघडून रॅम बघा. लांबट काळी चिप, दोन्ही लांब बाजूंना ३३-३३ पाय, म्हणजे टीएसओपी ६६, डीडीआर१. एआर९३३१ प्रोसेसरच्या बऱ्याच राउटरांत अशी असते. चिपला पायच दिसत नसतील, तर ती खाली गोळ्यांवर बसलेली बीजीए आहे, आणि मग हे काम आत्ता तुमचं नाही.

६४ एमबीची चिप विकत घ्यायची गरज नाही. ५१२ एमबीची जुनी लॅपटॉप डीडीआर१ रॅम शोधा, आठ चिपची. तिच्यावर हायनिक्सची एचवाय५डीयू१२१६२२ अशा क्रमांकाची चिप असेल तर तीच हवी. त्यातलं १६ महत्त्वाचं आहे, ते डेटाची रुंदी सांगतं. एचवाय५डीयू१२८२२ ही आठ बिटची, पाय जुळतील पण राउटर चालणार नाही. डेस्कटॉपच्या पट्ट्यांवर बहुतेक आठ बिटवाल्याच सापडतात.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फ्लॅश, तीही गनशिवाय. आठ पायांच्या चिपला आयर्ननेच दोन्ही बाजूंना भरपूर सोल्डर घालून एकेक बाजू आलटून-पालटून तापवली की ती सुटते. काढल्यावर लगेच प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या उपकरणावर) पूर्ण वाचून दोन वेळा फाइल जतन करा आणि दोन्ही फाइल सारख्या आहेत का ते बघा. शेवटचे ६४ केबी एआरटीचे, म्हणजे त्याच नगाचं वायफायचं कॅलिब्रेशन. ते हरवलं की दुसऱ्या राउटरचं आणून भागत नाही. सीएच३४१एच्या काळ्या प्रोग्रामरवर डेटाच्या लाइन पाच व्होल्टच्या येतात, तो सुधारून घेतलेला वापरा. नवी १६ एमबी फ्लॅश बसवून राउटर चालू होऊ द्या, मगच रॅमकडे वळा. दोन्ही एकदम बदललं आणि राउटर उठलाच नाही तर दोष कशात शोधणार? फ्लॅश टाकतानाच मोठी रॅम ओळखणारा बूटलोडर (राउटर सुरू करणारा पहिला प्रोग्राम) घालून घ्या, मूळचा कधी कधी ३२ च मोजतो.

रॅम काढताना आधी आयर्नने दोन्ही ओळींवर शिसंवालं सोल्डर ओढून घ्या, पाय एकमेकांना चिकटले तरी चालतील. मूळच्या लेड-फ्रीमध्ये शिसं मिसळलं की वितळणं खाली येतं. फ्लक्स सढळ हाताने. शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि लॅनचे पोर्ट फॉइलखाली. नोझल ८ किंवा १० चं. लहान नोझल लावून ‘नेमकं’ काम करायचा मोह टाळा, ते हवा गळा दाबून सोडतं, हीटर आत जास्त तापतो आणि लवकर जातो. ३६०-३८० ला, हवा मधल्या आकड्याच्या जरा वर, दोन सेंटिमीटरवरून आधी अर्धा-एक मिनिट पूर्ण भाग फिरून कोमट करा. मग दोन्ही ओळींवरून लांबट गोल फिरत राहा, एका जागी थांबू नका. सोल्डर चकाकायला लागलं की चिमट्याने चिप कोपऱ्यातून हलकेच ढकला. ती सरकून परत आपल्या जागी आली, म्हणजे सगळे पाय सुटलेत, आता उचला. सरकली नाही तर आणखी दहा-पंधरा सेकंद. चिमटा खाली घालून उचकटायचं नाही. ६६ पैकी ६५ पाय सुटले आणि एक राहिला तरी तो पॅड घेऊनच वर येतो.

विकने पॅड सपाट करा, आयपीएने पुसा. नवी चिप बसवायला गन नको. चिपवरचा ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळवा, दोन विरुद्ध कोपरे टाचा, भिंगातून सगळे पाय पॅडवर आहेत ना बघा, फ्लक्स घाला, आणि रुंद टिपवर थोडं सोल्डर घेऊन ओळीवरून ओढत न्या. ०.६५ मिलिमीटरच्या पायांना हे अगदी सोपं जातं. पाय एकमेकांना चिकटले असतील तर विकने वेगळे होतात.

पावसाळ्यात भंगारातून काढलेली चिप लगेच तापवू नका. प्लास्टिकने ओल धरलेली असते, झटकन तापवलं की आत वाफ होऊन चिप फुगते, बारीक ‘टक’ असा आवाज येतो आणि विषय संपतो. अख्खी रॅमची पट्टी शंभर ते सव्वाशे अंशांवर काही तास ठेवून मग काढा. घरच्या खाण्याच्या ओव्हनमध्ये नको, जुना ओटीजी वेगळा ठेवा.

कंट्रोलरचा टाइप-सी. आधी बॅटरी काढा, नुसती सुटी करून बाजूला ठेवू नका, बोर्डापासून दूर ठेवा. लिथियमच्या शेजारी हॉट एअर हा प्रयोग करायचा नाही. मूळ बोर्डावर टाइप-सीचा ठसा मायक्रो यूएसबीशी जुळत नाही, त्यामुळे छोटा ॲडॉप्टर बोर्ड लागतो. त्याच्यावर सीसी१ आणि सीसी२ ला वेगवेगळे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर असलेलाच घ्या, नाहीतर सी-टू-सी केबलने चार्ज होणार नाही. जुना पोर्ट काढताना त्याचे कवचाचे पाय ग्राउंडमध्ये खोल गेलेले असतात. हवा शक्यतो बोर्डाच्या खालच्या बाजूने द्या, म्हणजे आतली प्लास्टिकची जीभ वितळून पाय भरत नाहीत. काढायचाच आहे, पोर्ट वाचवायचा नाही, तर कवच कटरने कापून पाय एकेक आयर्नने काढणं जास्त सुरक्षित आहे, आणि मी बहुतेक वेळा तेच करतो.

पीएस४चा पोर्ट वेगळ्या दर्जाचं काम आहे. बोर्ड अनेक थरांचा, ग्राउंड जाड, पोर्टचे चार पाय त्यातच रुतलेले, आणि सिग्नलचे पॅड नखाने खरवडले तरी निघतील इतके नाजूक. ८५८डी तिथे पाच मिनिटं हवा मारत बसते, तोवर पोर्टच्या मागचे बारीक भाग हलायला लागतात. या कामाला क्विक ८६१डीडब्ल्यूसारखं एक हजार वॅटचं, जोरदार हवेचं स्टेशन किंवा खरं प्रीहीटर लागतं. ते स्टेशन आपल्याकडे पंधरा हजारांच्या घरात किंवा त्याहून वर जातं. एका पोर्टसाठी ते घेऊ नका, चांगल्या कन्सोल दुरुस्तीवाल्याला द्या. तुमच्या हातून महिन्याला चार-पाच असे बोर्ड जायला लागले तर मात्र मधल्या किमतीचं काही न घेता सरळ तेच घ्या. ८५८डी आणि त्याच्या मधली सात-आठ हजारांची मशिनं मला कुणालाच सुचवावीशी वाटत नाहीत. हवेत फरक थोडा पडतो, खिशात बराच.

स्वस्त ८५८डीचा हीटर कधी ना कधी जाणारच. सुटा हीटर दोन-चारशेत मिळतो, चार वायरींचं काम. घेताना २२०-२३० व्होल्टचा आहे हे बघून घ्या, कारण तसाच दिसणारा ११० चाही असतो.

यातच मामेभावाचं उत्तर आलं. अमेरिकेतून आणलेलं स्टेशन १२० व्होल्टसाठीचं असणार. सातशे वॅटच्या त्या हीटरचा रेझिस्टन्स वीस ओहमच्या आसपास असतो, आपल्या २३० वर तो अडीच हजार वॅट खेचू पाहतो आणि फ्यूज आधी गेला नाही तर ट्रायक जातो. हजार वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला तर गनपेक्षा महाग आणि जड. मागवायचंच असेल तर त्याला टी१२च्या चांगल्या टिपा आणि खऱ्या दुकानातली खऱ्या फ्लक्सची एक सिरिंज सांगा. फ्लक्स केबिन बॅगेत नको म्हणावं, आणि विमान कंपनी तो घेऊ देते का ते त्याने आधी विचारून घ्यावं.